कादरभाईंचे चिंचोके

कादरभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मारेगावकडच्या हमरस्त्यावर, मैलाच्या दगडावर बसून डब्यांत चिंचोके टाकताना. समोर चार डबे: ट्रक, एसटी, फटफटी, बैलगाडी. रस्ते खात्याची वाहनगणना चालू होती आणि हे आमचे मुकादम! छापील तक्ता घडी घालून मांडीखाली. मी नवा कनिष्ठ अभियंता, तडकलोच.

"साहेब, लिहाले मान खाली घातली का गाडी निसटते," ते शांतपणे म्हणाले. मीही हट्टानं शेजारी बसून दिवसभर तक्त्यावर रेघा ओढल्या. संध्याकाळी ताळा केला, तर माझे दोन ट्रक कमी. ते कोळशाचे होते, हेही त्यांनी वर ऐकवलं.

त्या गणनेवर एक पूल अडून होता. पुढच्या नाल्यावर नुसता फरशीवजा ठेंगणा रपटा. पावसाळ्यात तो बुडाला की पलीकडची गावं तुटायची. कादरभाईंची लेक शबाना पलीकडेच दिलेली. रहदारी पुरेशी दिसली तरच दिल्लीचं मंत्रालय पूल मंजूर करणार होतं. नेमके त्याच वर्षी कापसाचे भाव कोसळले, लोकांनी कापूस घरातच ठेवला आणि बैलगाड्यांचा डबा रिकामा राहिला.

"टाका दोन मुठी," मी म्हटलं. "तुमच्याच लेकीचं काम आहे."

त्यांनी डबा पोटाशी धरला. "नाही साहेब. एक खोटा टाकला तं बाकीचे खरे हायेत, हे कोन्या तोंडानं सांगू?"

मला त्यांचा राग आला, आणि स्वतःची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ते सायकलवर पलीकडची गावं फिरून आले आणि पाचवा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "ह्या दारात उभ्या गाड्या. रस्त्यावर नाही आल्या, म्हून डबा येगळा." मी शेऱ्याच्या रकान्यात तसंच लिहिलं: कापूस विक्रीला निघाला की पुन्हा मोजावं. आमचे वरिष्ठ हसले. दिल्लीहून मात्र फेरगणनेचा हुकूम आला. कापूस निघाला त्या आठवड्यात चिंचोके पुरेनात, तेव्हा कादरभाईंनी चिंचेची चटणी करणाऱ्या एका भजीवाल्याच्या घरून टोपलीभर मागून आणले.

पूल झाला तोवर ते निवृत्त झाले होते. ऑगस्टात खालचा जुना रपटा बुडाल्याचं कळलं, म्हणून मी नव्या पुलाच्या पाहणीला गेलो. कादरभाई पुलाच्या कठड्याशी छत्री धरून बसलेले, पुढ्यात एकच डबा. आत डोकावलो, तर एकच चिंचोका.

"सकाळपासून एकच गाडी?"

"बाकीच्या तुमी मोजा, साहेब. मले एकच मोजाची व्हती."

त्यांच्या मागे बैल सोडलेली गाडी उभी होती, आणि शबाना लेकराला कडेवर घेऊन हसत उभी होती.