गडद निळा बंद

टॉवेलच्या कारखान्यात खरेदी बघणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, अगदी वयाने मोठे वॉचमनसुद्धा. माल कोणाकडून रंगवून घ्यायचा हे ताई ठरवत. आणि ठरवायची तऱ्हाही न्यारी! कुणाच्याही कारखान्यात आधी मागे जाऊन गटार बघायचं, मगच चहा. भल्याभल्या रंगाऱ्यांना त्यामुळे घाम फुटायचा.

अपवाद एक म्हातारे रंगारी, त्यांच्याकडे थेट चहाच. वीस वर्षं बहुतेक टॉवेल त्यांच्याकडूनच रंगून येत. ताईंची मुलगी आजारी होती तेव्हा महिनाभर रोज फोन करून "पोरगी जेवली का?" विचारणारा माणूस तो. ताई त्यांना दादा म्हणत.

यंदा मोठ्या गिऱ्हाइकाने बजावलं, ओढ्यात रंगाचं पाणी सोडणाऱ्याचा माल घेणार नाही. कारखान्याचे साहेब म्हणाले, "दादांना काढा. पलीकडचा नवा रंगारी स्वस्तही देतोय." ताई म्हणाल्या, "आधी बघून तर येऊ दे."

गेल्या, तर गटार लख्ख! फक्त कडेचं सिमेंट ओलं होतं आणि कोपऱ्यात पाण्याचे दोन टँकर उभे होते.

"दादा, टँकरने गटार धुतलंत?"

दादांचा चेहरा पडला. "तुम्ही येणार म्हणून..."

"आणि ते रंगाचं पाणी गेलं कुठं?"

"ओढ्यात," दादा पुटपुटले.

आता बोला! जन्मात कधी लबाडी न केलेला माणूस, केली ती ही अशी! ताईंना आधी हसू आलं, मग राग आला. पण चाळीस घरांच्या चुली दादांच्या या कारखान्यावर पेटत होत्या.

त्या तिथेच बसल्या आणि एकेका रंगाचं पाणी तपासलं. बाकी रंगांचं पाणी दादांच्या टाकीत निवळत होतं. गडद निळ्याचं काही केल्या निवळेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कपाळाला हात लावला. "सगळ्यात जास्त खपणारा रंग बंद? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"फिकट निळा देऊ. दुकानदार कुरकुरतील, घेतील. आणि तुमच्या स्वस्तवाल्याकडे टाकीच नाही, मी मागे जाऊन बघून आलेय."

साहेबांनी खपाची वही उघडली, पुन्हा मिटली. शेवटी म्हणाले, "गडद निळा काढा, दादांना ठेवा. पण खप पडला तर जबाबदारी तुमची."

"माझीच," म्हणत ताई तडक दादांकडे निघाल्या. काम हातात राहिल्याचं ऐकून दादांनी हात जोडले. मग गडद निळ्याचं ऐकलं आणि जोडलेले हात खाली आले. तो रंग त्यांच्या बायकोने मापं जुळवून तयार केलेला. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"एक शेवटचा घाणा काढू का, ताई? छोटासा?"

ताईंच्या ओठांवर हो आलं होतं. "नको, दादा," त्या म्हणाल्या.

दादांनी मान हलवली. नमुन्यांच्या तक्त्यावरून निळा तुकडा कापायला ताईंनी कात्री घेतली खरी, पण ती काही चालेना. दादांनी हळूच ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"द्या इकडे. तिचा रंग आहे, मीच कापतो."