काकांचं सँपल

फोन आला तेव्हा मी जुनवानी वस्तीत दारूविरोधी पत्रकं वाटत होते. पलीकडे बाबा. "सुखदेव गेला," एवढंच बोलले आणि फोन तसाच चालू ठेवला... त्यांच्यामागे कारखान्यातल्या भट्टीचा आवाज येत होता. महिना होत आला, तो आवाज डोक्यातून जात नाही.

सुखदेवकाका बाबांचे जोडीदार. दोघांनी एकाच खासगी ढलाई कारखान्यात, भट्टीवर आयुष्य काढलं. काका रिटायर झाले, काकू आधीच गेलेल्या, मुलगा पुण्याला. वैशाली नगरातल्या घरात ते एकटेच राहायचे. रोज पंचशील म्हणणारा माणूस, आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त लाल वाइन आणायचा! मला संताप यायचा. चहाच्या काचेच्या ग्लासात घोटभर ओतायची, उजेडाला धरायची, वास घ्यायचा, जिभेवर फिरवायची आणि भट्टीवरच्या भाषेत निकाल द्यायचा: माल थंडा ओतला, नाहीतर स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवरची मळी, नीट काढली नाही. मी भांडले की म्हणायचे, "आली दारूबंदी. अवो, मी पीत नाही, सँपल पाहून राहिलो." उरलेली बाटली फ्रिजात जायची आणि महिनाभर पुरायची. मी त्यांना तोंडावर ढोंगी म्हटलंय, आजही म्हणेन. पण इतकं लक्ष देऊन मी कुणाला पाणीसुद्धा पिताना पाहिलेलं नाही.

त्या घरातली शेवटची भेट एका रविवारी दुपारची. बाटली केव्हाची उघडलेली होती. झाकण काढताच समोर बसलेल्या माझ्या नाकात आंबूस झणका गेला, व्हिनेगरसारखा. काकांनी ग्लास नाकाशी धरला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. घोट घेतला. म्हणाले, बढिया, एक नंबर माल. मला वाटलं चिडवताहेत, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत... चहा ठेवतो म्हणून आत गेले. थोड्या वेळाने मी मागे गेले आणि दारातच थबकले. गॅसचा भपका. शेगडीचं बटण उघडं, आणि काका काडेपेटीतून काडी काढत होते. मी पेटी हिसकावली, बटण बंद केलं, खिडकी ढकलली.

"कावून खिडकी उघडून राहिली वो?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरंच कळलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे पाहून मग कळलं. ओट्याला टेकून हळूच म्हणाले, "मले वासच येत नाही, पोरी. पोराले सांगू नको, तो घर बंद करून नेईल मले."

मी तिथेच उभी राहून त्यांच्या मुलाला फोन लावला. पहिल्या डॉक्टरने "उमर हो गई है" म्हणून परत पाठवलं. उमर! दुसऱ्याने स्कॅन केला. कपाळामागे गाठ होती, बरीच वाढलेली. ऑपरेशननंतर काका शुद्धीवर आलेच नाहीत. गाठ कशाने झाली, भट्टीच्या धुराने की आणखी कशाने, मी दिसेल त्याला विचारलं. छातीठोक कुणीच सांगत नाही. पत्रकात मी कधी "माहीत नाही" असं लिहिलेलं नाही. आता तेवढंच माझ्याजवळ आहे, आणि त्याची भीती वाटते.

कारण बाबा अजून त्याच भट्टीवर आहेत. कामावरून आले की त्यांना डोळे मिटायला लावते आणि नाकाखाली हिंगाची डबी धरते. ते वैतागतात, "हिंग आहे ना, रोज तेच काय वो?" म्हणून काल मी हिंगाऐवजी लवंगा धरल्या. त्यांनी वास घेतला, जरा जास्त वेळ... आणि म्हणाले, "हिंग."