अंबूअक्कांचा पंप

अंबूअक्का कुठल्याही बिघडलेल्या यंत्राला आधी कान लावायच्या आणि मग त्याच्या मालकाला फैलावर घ्यायच्या. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी पुण्याहून नोकरीसाठी नुकतीच बंगळूरला आले होते, चामराजपेटेत त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते आणि कंपनीच्या बसनं रोज इलेक्ट्रॉनिक सिटी गाठत होते. माझा मिक्सर अडला म्हणून मी तो खाली नेला आणि काय झालं असेल ते सांगायला लागले. अक्कांनी हात वर केला. "स्वल्प गप बस गं. तो बोलतोय."

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, मराठीत कानडी मुरलेली. शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या या बाई पावसाळा सरला की कावेरीच्या खळाळत्या धारेत एकट्या होडी चालवत. होडी म्हणजे कनू, वरून उघडी, अरुंद, एका वल्ह्याची. खळाळात लाटा आत येतात आणि होडी पाण्यानं भरली की ती वळत नाही, खडकावर जाते. हात वल्ह्यावर असताना पाणी उपसणार कशानं? त्यातून स्कूटरवरून पडल्यापासून अक्कांचा डावा खांदा अधू. वल्हं मारता येई, पण वाकून डबा भरणं जमत नसे. म्हणून त्यांनी होडीच्या तळाशी बॅटरीवरचा छोटा पंप बसवला होता. तो चालला तर अक्का नदीत, नाही तर काठावर.

होडीवाल्यांच्या क्लबातले लोक त्यांना 'हौशी' म्हणत. या शब्दाचा मला आजही संताप येतो. तिशीतला पुरुष त्याच पाण्यात उतरला की तो साहसी, आणि साठीची बाई उतरली की हौशी! हा कुठला न्याय?

त्या वर्षी दसऱ्यानंतर नदीवर जायच्या आधी शहराबाहेरच्या तळ्यावर सगळ्या होड्यांची चाचणी झाली. अक्कांच्या होडीत पाणी ओतलं, पंप सुरू केला, तर नळीतून करंगळीएवढी धार. क्लबाचा सेक्रेटरी मुंबईहून आलेला, सगळ्यांशी हसून बोलणारा. तो हसूनच म्हणाला, "अक्का, पंप वीक आहे आणि तुमचा खांदाही. सेफ्टीचा प्रश्न आहे. हौस पुरे झाली आता. या वेळी काठावर बसून आमच्या डब्यांकडे लक्ष ठेवा ना!" लोक हसले. अक्कांनी पंप बंद करून नळी गुंडाळली. परतताना टेम्पोत मात्र त्यांचा आवाज फुटला. "डबे राखू का मी? मी? अय्यो, हा वल्हं कसं धरायचं ते माझ्याकडून शिकलाय!" पुढच्या रविवारी पंप चालवून दाखवायचा, एवढी एकच सवलत त्यांनी सेक्रेटरीकडून मिळवली होती.

जो तो सल्ला देत होता, नवी बॅटरी घ्या, नवा पंप मागवा. अक्कांनी अंगणात होडी ठेवली, पंप सुरू केला आणि गुडघ्यावर बसून कान लावला. "रडतोय. याला पुरेसा करंटच मिळत नाही." मीटर लावला. बॅटरीवर व्होल्टेज पुरेपूर, पण पंप चालू असताना त्याच्या तारांवर बरंच कमी. म्हणजे वाटेत कुठंतरी अडथळा. त्यांनी बॅटरीच्या टोकांवरच्या पकडी सोडवल्या. खाली पिवळट लाल पापुद्रा. पॉलिश पेपरनं तो घासून पकडी पुन्हा आवळल्या, तसा पंपाचा सूर चढला. धार मात्र अजून बारीकच. "आता नुसताच पळतोय. याच्या तोंडात काहीतरी आहे." पंपाच्या तळाची जाळी त्यांनी उघडली आणि आतला लगदा बोटांनी बाहेर काढला. कुजलेल्या शेवंतीच्या पाकळ्या आणि फुगलेले चुरमुरे.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, या गावात रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. अक्कांनी होडीला शेवंतीची माळ घातली होती, बॅटरीला ओलं हळदकुंकू लावलं होतं आणि मनोभावे कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुऱ्या-फुटाण्यांचा, नैवेद्य होडीतच ठेवला होता. "माझी पूजा माझ्याच पंपाच्या नरड्यात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्का, हे तिथे सांगायची काही गरज नाही." त्या माझ्यावरच भडकल्या. "का? चूक माझी, मीच काढली. लपवायचं काय त्यात?"

रविवारी तळ्यावर पंपानं मनगटाएवढी धार फेकली. अक्कांनी सगळं सांगितलं आणि सेक्रेटरीनं त्याचंच भांडवल केलं. "बघा, म्हणून मी म्हणतो, या वयात..." हे कोण बोलत होतं? ज्यानं त्याच पूजेला आपल्या जीपच्या काचेवर कुंकवाचा मळवट भरून, समोरचं न दिसल्यानं, जीप फाटकावर घातली होती, तो! त्याला कुणी नाही म्हणालं काठावर बसायला. माझा आवाज चढला तसा अक्कांनी माझा दंड धरला. "सरी, सरी, असू दे. त्याला विचार, पंप चालतो की नाही?" चालतो, हे त्याला म्हणावंच लागलं.

कावेरीवर त्यांना सगळ्यांच्या मागे सोडलं. मी खालच्या खडकावर उभी होते. मधल्या उतारावर लाट होडीत घुसली, होडी जड झाली, कलली. पण पंपाची धार एकसारखी बाहेर पडत होती. होडी हलकी झाली, वळली आणि अक्का सरळ खाली आल्या, ओल्याचिंब, सगळ्या जगावर रागावलेल्या. सेक्रेटरी म्हणाला, "लकी आहेत अक्का."

दोन वर्षांनी त्या झोपेत गेल्या. क्लबानं तळ्यावर शोकसभा ठेवली. त्यांची होडी मधोमध आणून ठेवली होती आणि तिच्या आत, थेट पंपावर, शेवंतीचा भलामोठा हार घातला होता. सेक्रेटरी बोलायला उभा राहिला. "अंबूअक्का फार हौशी होत्या..."

मी उठले. चपला काढून होडीत शिरले, हार उचलून गवतावर ठेवला आणि तळाशी सांडलेल्या पाकळ्या वेचायला लागले. सेक्रेटरी थांबला. "अहो, हे काय चाललंय?" शेवटची पाकळी निघाल्यावर मी तळ्याचं बादलीभर पाणी होडीत ओतलं, पंप सुरू केला आणि गुडघ्यावर बसून कान लावला. सेक्रेटरी पुन्हा काहीतरी बोलू लागला. मी हात वर केला.

"स्वल्प गप बसा," मी म्हटलं. "तो बोलतोय."