कारोलीनेचा गुलाब

जूनच्या शेवटी थोर्किलच्या भिंतीसमोरून कुणी न थांबता गेलं की त्याला राग येतो. सायकलवरून फिरणारे जर्मन पाहुणेसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. तो बाकावरून उठतो, टोपी मागे सारतो आणि सांगतो, "आईचा गुलाब आहे. सत्त्याऐंशी सालच्या थंडीत गेलाच होता, मी वाचवला." पाहुण्यांना भाषा कळत नाही, पण मान डोलवल्याशिवाय सुटका नाही एवढं कळतं.

मी त्याची शेजारीण, मार्ना. डेन्मार्कच्या या दक्षिणेकडच्या बेटावर राहायला येण्याआधी तीस वर्षं मी एका रोपवाटिकेत गुलाबांचे डोळे भरले. जंगली खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाचा डोळा आत बसवायचा, बांधायचं, पुढच्या रोपाकडे सरकायचं. त्यात गुडघे गेले, नजर शाबूत राहिली. म्हणून बारा वर्षांपूर्वी पहिल्याच उन्हाळ्यात मी थोर्किलच्या वेलाच्या पानांच्या देठाला बुडाशी असलेली झालर पाहिली आणि काय ते समजले. समजले आणि गप्प बसले. कुणाच्या आईच्या गुलाबाला नावं ठेवणारी मी कोण?

शिवाय तो त्या वेलाचं जे करायचा ते पाहून माझी जीभच रेटली नसती. मार्चमध्ये शिडीवर चढून एकेक फांदी आडवी वाकवायचा, कारण आडव्या फांदीला फुलं जास्त धरतात. जुन्या सदऱ्यांच्या पट्ट्या फाडून खलाशाच्या गाठींनी ती बांधायचा. हिवाळ्याच्या तोंडावर बुंध्याशी माती चढवायचा, ती इतक्या वर्षांत गुडघ्याएवढी झाली होती. वय एक्याऐंशी. शिडी धरायला आलेल्याला शिव्या.

थोर्किल पंधराव्या वर्षी जहाजावर गेला आणि एकोणतीस वर्षं समुद्रावरच राहिला. घरी यायचा तो जमलं तर नाताळात, म्हणजे गुलाबाच्या काड्या झालेल्या असताना. जहाजावर त्याच्या बिछान्याच्या वरच्या फळीला एक फोटो डकवलेला असे: आई, कारोलीने, दारात उभी आणि मागे फुललेला वेल. बाप आधीच वारलेला. समुद्र गोठला त्या हिवाळ्यानंतर तो कायमचा परत आला, तेव्हा वेल वाळून काष्ठ झालेला होता. त्याने तो जमिनीलगत कापला. मे महिन्यात मातीतून हिरवेगार कोंब आले. आयुष्यात मी घरासाठी केलेली पहिली गोष्ट, असं तो म्हणतो.

या जूनमध्ये त्याची बहीण आस्टा आली. तिचा मुख्य भूमीवर, युलंडच्या किनाऱ्यावर सुट्टीवर येणाऱ्यांसाठी तंबूंचा तळ होता. उन्हाळा म्हणजे तिचा हंगाम, म्हणून तीही आजवर यायची ती नाताळातच. यंदा तळ विकला आणि लग्नानंतर प्रथमच ती फुलांच्या दिवसांत माहेरी आली. मी कुंपणापाशी होते, सगळं ऐकलं.

"आईचा गुलाब कुठाय रे?" हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती बाईने.

"डोळे तपासून घे. नाकासमोर आहे तुझ्या."

"हा? ही पांढरी बोरं? आईचा गुलाब जर्दाळूसारखा होता. फुलं मोजकी, पण बशीएवढी. आणि वास सफरचंदाचा. याला वास तरी आहे का?"

"पांढराच होता. माझ्याकडे पुरावा आहे." थोर्किल आत जाऊन फोटो घेऊन आला.

आस्टा फोटोकडे बघून हसायलाच लागली. "अरे शहाण्या, फोटोच काळा-पांढरा आहे! यात आईचा पिवळा झगापण पांढराच दिसतोय."

"झगा पिवळा होता?" थोर्किलने विचारलं, आणि तो बाकावर बसला.

त्यानंतरचे तीन दिवस त्याने गावाला भंडावून सोडलं. म्हाताऱ्या पोस्टमनने सांगितलं, लाल होता, शपथेवर सांगतो. बेकरीवालीची आई म्हणाली, पिवळा, आणि तुमच्या दारात नव्हताच, मागच्या बाजूला होता. थोर्किल प्रत्येकाकडून आधीपेक्षा जास्त गोंधळून परत यायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा.

"मार्ना, आमच्या स्वयंपाकघराचं दार हिरवं होतं ना गं?"

"मला काय विचारतोस? मी तेव्हा होते का इथे?"

"मला हिरवं आठवतं. पण आता वाटतं, ते एखाद्या जहाजावरचं असेल." टोपी हातात घेऊन तो तिची कड चाचपत राहिला. "तू गुलाबातली माणूस आहेस. ये आणि सांग आस्टाला. हा तो नसेल, तर परत येऊन मी केलं काय?"

मला त्याची कीव आली आणि स्वतःचा रागही. बारा वर्षं गप्प बसण्याला मी सभ्यपणा समजत होते. मी खुरपं घेतलं, गेले, दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि माती उकरायला लागले. थोर्किल कॉफीचा कप धरून उभा होता, आस्टा पायरीवर. हातभर खाली गेल्यावर गाठ लागली. गाठीच्या वर बोटभर वाळका तुकडा, हात लावताच भुगा झाला. भिंत झाकणाऱ्या साऱ्या फांद्या त्या गाठीच्या खालून निघालेल्या होत्या.

"तुमच्या आईच्या माहेरी कुणी डोळे भरायचं का?" मी विचारलं.

"आजोबा," आस्टा म्हणाली. "घरातल्या प्रत्येक मुलीला लग्नात माहेरच्या गुलाबाचा डोळा खुंटावर भरून द्यायचे."

"मग ही ती गाठ, डोळा भरला तिथली. वरचा होता तो कारोलीनेचा. तो त्या थंडीत मेला. हा खालचा खुंट आहे, जंगली; देठाला झालर असते ती याच्याच. थोर्किल, तू वाचवलंस हे खरंच. पण खुंटाला वाचवलंस."

मला वाटलं, आता आस्टा 'बघ, मी सांगत नव्हते का?' म्हणेल आणि वाद मिटेल. पण तिचा चेहरा उतरला होता.

"थोर्किल," शेवटी ती हळूच म्हणाली, "मग आई..."

"नको," तो म्हणाला.

मला काही उमगेना. आस्टानेच सांगितलं. कापल्यानंतर वेल पहिल्यांदा फुलला तो एकोणनव्वद साली. कारोलीने रोज सकाळी दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "हा माझा नाही रे, थोर्किल." तो सांगायचा, तुझाच आहे गं आई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ती शेजाऱ्यांना सांगू लागली, कुणीतरी माझा गुलाब बदलला. मग म्हणाली, थोर्किलनेच बदलला. त्याचा आवाज चढायला लागला. डॉक्टरने विचारलं, बाकी कसं आहे? बाकी ठीक होतं. चावी हरवायची, नावं विसरायची, ते कुणाचं होत नाही? पण स्वतःच्या दारातला गुलाब न ओळखणारी बाई म्हणजे डोकं गेलंच, असं सगळ्यांनी धरलं. आस्टाने फोनवर होकार दिला. त्याच शरदात कारोलीनेला वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे ती दोन वर्षं जगली.

"तिथेही म्हणायची का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही," थोर्किल म्हणाला. "तिथे ती काहीच म्हणायची नाही." त्याच्या हातातली कॉफी तशीच निवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुदळ घेऊन निघाला. आस्टा त्याच्या मागे आणि मी तिच्या मागे, कुणी बोलावलं नव्हतं तरी. चर्चच्या आवारात कारोलीनेच्या थडग्याच्या दगडावर तोच पांढरा वेल नाव झाकून फुलला होता. आई गेली त्या वर्षी थोर्किलनेच भिंतीवरची फांदी आणून तिच्या उशाशी लावली होती.

मला वाटलं, आता घाव घालणार. त्याने कुदळ गवतावर ठेवली, टोपी काढली आणि नावावरच्या फांद्या हाताने बाजूला केल्या. काटे लागले तरी हात मागे घेतला नाही.

"बरोबर आहे, आई," तो म्हणाला. "हा तुझा नाही."