विलायतेतल्या बायकांचा सामना

पेणला आमच्या शेजारचे काका मोबाईलवर विलायतेतल्या जुन्या खेळांविषयी वाचतात आणि पडवीत पापड लाटणाऱ्या आम्हा बायकांना सांगतात. सांगताना चष्मा कपाळावर चढवतात. "दोनशे वर्सांमागं तिथं बायका क्रिकेटचा सामना खेळल्या गो. लोकांनी पैसे लावले."

"आमच्यावर कोन लावील वो?" कुणी म्हटलं की काकाच मोठ्याने हसतात.

काल त्यांची सून गल्लीतल्या पोरांबरोबर खेळत होती. तिने चेंडू पार कौलांवर मारला. काकांनी तिच्या हातातून बॅट काढून घेतली. "लोकं बगतात. घरात जा," ते हळूच म्हणाले.

कुणीतरी बोलेल म्हणून तिने आमच्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून लाटणं फिरवत राहिले. पोळपाटावर पापड नव्हता.