मैनेची तयारी

मैना वजनकाट्यावर वेटोळे घालून बसली होती आणि आकडा दीड किलोच्या पुढे गेला होता. शेवंताबाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी आकड्याकडे पाहत नव्हतो. मैनेच्या शरीराच्या मध्यभागी एक उंचवटा दिसत होता, त्याकडे पाहत होतो.

मैना ही बॉल पायथन जातीची मादी. हा आफ्रिकेतला बिनविषारी अजगर. घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. आपल्याकडचे साप पाळणे गुन्हा आहे. हा परदेशी असल्यामुळे सरकारदरबारी नोंद करून पाळता येतो. मी जन्मभर सरकारी नोकरीत गाई-म्हशी तपासल्या. निवृत्तीनंतर शहरालगतच्या सूस गावात दवाखाना काढला. सोसायट्यांमधून गाई येत नाहीत. जे येऊ लागले, त्याचा अभ्यास केला.

शेवंताबाईंचे घर लवळ्याला. पूर्वी तेथे त्यांचा गोठा होता. आता त्या जागी विद्यार्थ्यांसाठी खोल्या आणि मेस आहे. परदेशी शिकायला गेलेली एक भाडेकरू मुलगी मैनेला रीतसर त्यांच्या नावावर करून गेली. गोठा मोडल्यापासून शेवंताबाईंच्या दारात काही जन्मले नव्हते, आणि ते त्यांना लागून राहिले होते. मादी रिकामी ठेवू नये, हा गोठ्याचा नियम त्यांनी मैनेलाही लावला. नर त्यांनीच शोधला. सूसच्या एका सोसायटीत नचिकेत नावाचा संगणक अभियंता राहत असे. त्याच्याकडे बुलेट नावाचा नर होता. नचिकेत महिनाअखेरीस कॅनडाला जाणार होता आणि बुलेट बंगळूरला मित्राकडे. त्यापूर्वी जोडी लावायची, असे दोघांचे ठरले होते. मैना तयार आहे का, एवढेच मला सांगायचे होते.

एवढेच, पण त्यावर तिचा जीव अवलंबून होता. कच्च्या मादीला नर दिला तर अंडी आत अडकतात आणि मादी मरते. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गाईंवर चढते. साप यातले काही करत नाही. त्यामुळे वय पाहायचे, वजन दीड किलोच्या वर आहे का ते पाहायचे आणि सोनोग्राफीत बलक पाहायचे. बलक म्हणजे अंडाशयातले ते गोळे, ज्यांची पुढे अंडी होतात.

"हा उंचवटा कसला?" मी विचारले.

"अंडी धरली असत्याल," शेवंताबाई म्हणाल्या.

मी सोनोग्राफीचे यंत्र लावले. पडद्यावर जे दिसले ते त्यांनाही दाखवले.

"शेवंताबाई, अंड्याला बरगड्या नसतात."

शेवंताबाईंबरोबर आलेल्या नचिकेतने छताकडे पाहिले. आदल्या दिवशी मैनेला नेहमीपेक्षा दुप्पट मोठा उंदीर दिला होता, हे मग उघड झाले. जनावरांच्या बाजारात गाय विकायला नेताना आदल्या दिवसापासून धार काढत नाहीत. कास तुडुंब दिसते. तीच ही विद्या. ती पकडण्यातच माझी सगळी नोकरी सरली.

"तुमी बी लई बारीक बघता, डाक्टर," त्या म्हणाल्या. हे दूषण होते की कौतुक, हे मी विचारले नाही.

बलक हरभऱ्याएवढे होते. ते बोराएवढे हवेत. उंदीर वजा करता वजनही अपुरे होते. भरल्या पोटी सापाला हलवू नये, तेव्हा घरी नेताना गाडी सावकाश चालवा, असे मी सांगितले. नचिकेतची गाडी नवी होती. लवळ्याच्या चढावर मैनेने तो उंदीर मागच्या सीटवर परत केला. वास कशाने जाईल, हे विचारायला त्याने मला फोन केला. मी जनावरांचा डॉक्टर आहे, सीटचा नाही, असे मी त्याला सांगितले.

ओकलेल्या सापाला लगेच खायला देता येत नाही. मैनेचे वजन आणखी उतरले. वजन वाढवून दाखवण्याच्या युक्तीचा हा लाभ.

महिनाअखेरीस दोघे पुन्हा आले. या वेळी बुलेटही एका डब्यात बरोबर होता. इंटरनेटवर पुष्कळ जण याहून कमी वजनाला जोडी लावतात, "टेक्निकली चालतं, सर," असे नचिकेतचे म्हणणे होते. त्यांच्या किती माद्या जगल्या हे इंटरनेटवर आहे का, असे मी विचारले. ते त्याने पाहिले नव्हते. शेवंताबाईंचा पुरावा निराळा होता. मैना उंदराला तोंड लावत नव्हती आणि एका जागी पडून होती. गाय माजावर आली की चारा सोडते, म्हणून मैनाही माजावर आली. मी मैनेचे डोळे दाखवले. ते दुधाळ झाले होते. ती कात टाकणार होती. त्या दिवसांत बहुतेक साप जेवत नाहीत.

तरी दोघे हटेनात. तेव्हा मी सापाचा विषय बाजूला ठेवला.

"शेवंताबाई, एक कालवड आहे. वयात आली, पण अंगाने भरलेली नाही. नुकतीच आजारातून उठली आहे. वळूचा मालक दारात उभा आहे. म्हणतो, आजच दाखवा, उद्या वळू गावाला जाणार. तुम्ही काय कराल?"

"वळूवाल्याला च्या पाजीन आन वाटंला लावीन."

"का?"

"अंग न्हाई तर वासरू अडतंय. कालवडबी जाती आन वासरूबी जातं. वळूवाल्याचं काय जातंय? त्यो आपला वळू घिऊन जातोय."

नचिकेत बुलेटचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. तो त्याने खाली ठेवला.

शेवंताबाईंच्या ध्यानात आले.

"कालवडीला पाय असत्यात, डाक्टर. कमरंत रुंद हाय का न्हाई ते दिसतं. हिची कंबर कुटं हाय त्येच कळंना, तर म्या काय वळखू?"

प्रश्न रास्त होता. त्यांनी मैनेच्या डब्यावर हात ठेवला आणि नचिकेतला सांगितले की या वर्षी नाही.

"मावशी, मग पुढच्या वर्षी नर कुठून आणणार?"

"तुझा हाय की. माझी वरली खोली रिकामी हाय."

अशा रीतीने बुलेट लवळ्याला भाडेकरू झाला. नोंदणीचे कागद बदलले. शेवंताबाईंच्या घरी मुले वरच्या मजल्यावर आणि मुली खाली, असा नियम आहे. तो याही दोघांना लागू झाला.

वर्षभर मैनेचे खाणे ठरल्याप्रमाणे झाले. वजन प्रत्येक वेळी रिकाम्या पोटी घेतले. पुढच्या हिवाळ्यात तिने दीड किलो प्रामाणिकपणे ओलांडले. बलक बोराएवढे झाले होते. मी परवानगी दिली. बुलेटला खाली आणून मैनेच्या पेटीत सोडण्यात आले.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंचा फोन आला. बुलेट कोपऱ्यात झोपला होता. आठवड्याने पुन्हा फोन आला. तो त्याच कोपऱ्यात होता.

मी लवळ्याला गेलो. बुलेटला हातात घेतले आणि दोन्ही हात लावावे लागले. वळल्यावर त्याच्या अंगाला वळकट्या पडत होत्या. परक्याचे जनावर उपाशी ठेवले असे कोणी म्हणू नये, म्हणून शेवंताबाईंनी वर्षभर त्याला मैनेच्या बरोबरीने खाऊ घातले होते. नर चपळ आणि सडपातळ हवा. लठ्ठ नराला झोप प्रिय असते.

मैनेचे वय, वजन, डोळे, बलक हे सर्व आम्ही तिघांनी तपासले होते. नराकडे कोणी पाहिले नव्हते. मीही नाही. हे मी शेवंताबाईंना सांगितले.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "बघायच्या कार्यक्रमात नवऱ्यामुलाचं वजन कोन करतंय?"

बुलेटचा खुराक बंद करून त्याला काही आठवडे वरच्या खोलीत परत पाठवले. हिवाळा सरता सरता त्याला आपले काम आठवले. उन्हाळ्यात मैनेने पाच अंडी घातली. एक रिकामे निघाले, चारांतून पिल्ले आली. मैना सुखरूप राहिली. शेवंताबाईंनी मेसच्या मुलांना गोड जेवण दिले. कशानिमित्त, हे जेवण झाल्यावर सांगितले.

तेव्हापासून, मादी तयार आहे का हे विचारायला कोणी आले की मी आधी नर दाखवायला सांगतो. बहुतेक जण त्याला घरी ठेवून आलेले असतात.