एफी मॅकरॉबीचा घरंगळता चेंडू

एफी मॅकरॉबी मासळीचं दुकान चालवायची आणि हवेतून जाणाऱ्या चेंडूवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. स्कॉटलंडच्या ह्या किनाऱ्यावर वारा डोक्यावर टोपी राहू देत नाही, तिथे चेंडूची काय कथा! होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, म्हणजे ग्रीनच्या, कडेला आलात की पटर ही चपट्या तोंडाची काठी घ्या आणि चेंडू गपगुमान जमिनीवरून घरंगळवा, एवढंच तिचं गोल्फ. नवरा डूगल मात्र टीव्हीत बघून चेंडू उंच उडवायला शिकला होता. म्हणजे शिकला नव्हताच.

नवरा-बायकोच्या सामन्यात दोघांत मिळून एकच चेंडू असतो आणि तो आळीपाळीने मारायचा. पाळी चुकली की तो होल समोरच्या जोडीला गेला. गावातले निम्मे अबोले तिथेच सुरू होतात. चषक दरवर्षी नणंद इशबेल जिंकायची आणि समोरच्या घरात राहत असल्यामुळे नेमका एफीला दिसेल अशा खिडकीत मांडायची. एफीला तो एकदा, फक्त एकदाच, आपल्या घरात हवा होता.

यंदा अंतिम सामना इशबेलशीच पडला आणि शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत आला. मॅकरॉबींचा चेंडू ग्रीनच्या जरासा बाहेर, मधे कापलेलं सपाट गवत. पाळी डूगलची. त्याने पिशवीतून उंच उडवायची काठी उपसली.

"डूगल, ठेव ती."

"अगं, अलगद उडेल, अलगद बसेल."

"मागच्या वर्षी अलगद पाद्रीबाबांच्या चहात बसला होता!"

"तेव्हा वारा होता."

"आणि आत्ता काय, कोणी पंखा लावलाय?"

"वहिनी, मारू दे की गं दादाला," इशबेल गोड आवाजात म्हणाली.

डूगलने पाय फाकवले, बूड हलवलं, डोळे आभाळाकडे लावले. एफीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने पटर घेतला आणि त्याच्या नाकाखालून चेंडू स्वतःच ढकलला. चेंडू चढ चढला, उतारावर वळला, होलच्या काठावर जरा रेंगाळला आणि आत पडला.

एफी नाचली. तिने सामना बघायला आलेल्या पाद्रीबाबांचा मुका घेतला. मग तिच्या लक्षात आलं, की इशबेलही नाचते आहे. पाळी डूगलची होती. होल गेला, चषकही गेला.

एफी मटकन खाली बसली. आता नवरा जन्माचं उट्टं काढणार, म्हणून तिने डोळे मिटून घेतले. डूगलने चेंडू आणून तिच्या हातात ठेवला.

"पटरच बरोबर होता गं."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"नाही ऐकलं. तिच्यासमोर म्हण."

आणि बिचाऱ्याने चषक कवटाळून उभ्या असलेल्या बहिणीसमोर टोपी काढून, मोठ्याने, पुन्हा म्हटलं.